साचेखात्याचा उंबरठा : गिरणगावातील कसबाचे शिक्षण आणि अस्पृश्य कामगार

पालि वाङ्मयात ‘सिप्प’ हा शब्द वारंवार भेटतो. संस्कृतातील ‘शिल्प’ या शब्दाचेच हे रूप; परंतु आज शिल्प म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर मूर्ती किंवा लेणी उभी राहते, तसा संकुचित अर्थ तेथे नाही. विणकराचे असो, कुंभाराचे असो की लेखनिकाचे असो, शिकून हाती आलेले कोणतेही कसब म्हणजे सिप्प. मंगलसुत्तात मंगल कशाला म्हणावे हे सांगताना बहुश्रुतपणाच्या जोडीलाच सिप्पाला स्थान दिले आहे. सिगालोवाद सुत्तात आईबापांची मुलांविषयीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत मुलाला सिप्प शिकविणे हे एक आहे. आणि आचार्याच्या कर्तव्यांत, आपल्यापाशी असलेले सर्व सिप्प हातचे न राखता शिष्याला देणे हे एक आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाजवळ, आपल्यापाशी ‘आचरियमुट्ठि’ नाही, असे स्पष्ट केले. आचरियमुट्ठि म्हणजे आचार्याची मिटलेली मूठ. शेवटची किल्ली स्वतःपाशी राहावी म्हणून गुरूने झाकून ठेवलेला हात. तेथे विषय धम्मोपदेशाचा आहे हे खरे. परंतु हा शब्द ज्या व्यवहारातून आला, त्या व्यवहारात विद्या आणि कसब या दोहोंच्याही मुठी मिटलेल्या असाव्यात असे आम्हांस वाटते.

ही मिटलेली मूठ मुंबईच्या गिरणगावात कशी काम करीत होती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांतून १९२८ च्या संपाची हकिकत येते तेथे या गोष्टीचा उल्लेख येतो, धोट्याचे सूत तोंडाने ओढावे लागे म्हणून विटाळ मानला जाई असे कारण सांगितले जाते, आणि लेखक पुढच्या प्रसंगाकडे वळतो. परंतु थोडे थांबून विचारले पाहिजे की, ही बंदी घातली कोणी? कोणत्या नियमाने? गिरणीच्या दारावर तसा फलक नव्हता. मालकांच्या कागदोपत्री तसा ठराव नव्हता. सरकारी कायदा तर नव्हताच. तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आमच्या मते याचे उत्तर विटाळाच्या कल्पनेत अर्धेच सापडते. उरलेले अर्धे उत्तर, गिरणीत कसब शिकण्याची जी रीत होती, तिच्यात आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे काढली व १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढील अर्धशतकात भायखळा, परळ, लालबाग, वरळी, दादर या भागांत गिरण्यांचे जाळे पसरले. योगायोग असा की, गिरण्या येण्याच्या थोडे आधीच, १८५० साली, कंपनी सरकारने उमेदवारीसंबंधी एक कायदा केला होता. १० ते १८ वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ व गरीब मुलांना, करार करून एखाद्या कारागिराच्या हाताखाली धंदा शिकण्यासाठी ठेवण्याची त्यात तरतूद होती. करारात मुदत होती, उस्तादावर शिकविण्याचे बंधन होते, मुलावर आज्ञापालनाचे बंधन होते. गिरणीमालकांना या कशाचीच गरज पडली नाही. त्यांना शिकलेला कामगार फुकटात मिळत होता, कारण त्याला शिकविण्याचे काम त्याचे नातलग करीत होते.

त्याची रीत अशी होती. रत्नागिरी, सातारा किंवा घाटावरच्या गावाकडून आलेला मुलगा प्रथम गाववाल्यांच्या खोलीत उतरे. मग मामा, चुलता, थोरला भाऊ किंवा मेहुणा यांच्यापैकी जो साच्यावर असेल, तो त्याला आपल्याबरोबर खात्यात नेई. त्यासाठी जॉबरची संमती लागे, आणि संमतीला दस्तुरी लागे. नवख्याला पगार नसे. तो काही दिवस नुसता साच्याशेजारी उभा राही, खालचा कचरा झाडी, भरलेल्या कांड्या आणून देई. नंतर ताण्याचा धागा तुटला की त्याला गाठ कशी द्यावी, तो फणीतून पुन्हा कसा ओवावा, हे त्याला दाखविले जाई. कापडात दोष पडण्यापूर्वी साच्याचा आवाज बदलतो. तो आवाज ओळखणे हे या कसबाचे मर्म होय, आणि ते कोणत्याही पुस्तकातून येत नाही. काही आठवड्यांनी मामा बिडी ओढावयास बाहेर जाई तेव्हा साचा भाच्याच्या हाती सोपवी. पुढे शिमग्याला किंवा गणपतीला मामा कोकणात गेला की भाचा त्याच्या जागी बदली म्हणून उभा राही. अशा काही बदल्या झाल्या, जॉबरची मर्जी राहिली, की एखादा जोड साचा त्याच्या नावावर होई. मुंबईत एका विणकराकडे दोन साचे असण्याचा प्रघात दीर्घकाळ होता.

या सगळ्यात जॉबर हा शिक्षक नव्हे. तो राखणदार होता. माणसे भरणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे, बिघडलेला साचा दुरुस्त करणे आणि अडीअडचणीला व्याजाने पैसे देणे, अशी चारही कामे त्याच्याच हाती असत. स्त्रियांच्या खात्यांत हीच सत्ता नाईकिणीकडे असे. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवण्याची योजना सुरू केली; तिने जॉबरच्या मनमानीला थोडा आळा बसला. परंतु कार्ड मिळे ते काम येणाऱ्याला. काम यावे म्हणून साच्याशेजारी कोणी उभे राहावे, याचा निर्णय पूर्वीप्रमाणे नात्यागोत्यातच होत राहिला.

आता या रीतीत महार, चांभार, मांग समाजातील तरुणाला कल्पून पाहावे. तो गिरणीत येऊ शकत होता. गिरणीचे दार त्याला बंद नव्हते, आणि हजारोंच्या संख्येने आपली माणसे गिरण्यांत होती. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने मुंबईच्या गिरणी कामगारांवरील आपल्या १९६५ च्या ग्रंथात हे दाखवून दिले आहे की, एकूण गिरणीधंद्यात अस्पृश्यांचे प्रमाण वाढत गेले असतानाही साचेखाते त्यांना जवळजवळ पूर्णपणे बंद राहिले. गावकीच्या जाचातून सुटून आलेल्या माणसाला रोख पगार मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण साच्याशेजारी उभे राहावयाचे तर मामा हवा, आणि साच्यावर असलेला मामा कोठून आणावयाचा? आत कोणी नाही म्हणून शिकता येत नाही, शिकता येत नाही म्हणून आत कोणी नाही. या फेऱ्याला नियमाची गरजच नव्हती. म्हणूनच मालकाला, आपण कोणालाही मज्जाव केलेला नाही, असे निर्लज्जपणे परंतु अक्षरशः खरे बोलता येत होते.

आपल्या माणसांच्या वाट्याला मुख्यतः आले ते रिंगखाते. रिंग यंत्रावर सूत कातले जाऊन बाबिनींवर गुंडाळले जाते. भरलेल्या बाबिनी काढून रिकाम्या बसविणे, तुटलेले सूत पुन्हा सांधणे, यंत्राची बाजू स्वच्छ ठेवणे, ही तेथील कामे. बाबिनी बदलण्याचे काम लहान पोरे करीत आणि त्यांतूनच पुढे मोठी होऊन यंत्राची बाजू सांभाळू लागत. हे काम कष्टाचे, सतत उभ्याने करावयाचे आणि दमट, कोंदट हवेतले. पण शिकावयास सोपे. जे काम थोड्या दिवसांत शिकता येते ते करणाऱ्याला काढून टाकणेही सोपे असते. विणकराला विणलेल्या कापडाच्या मापाने पैसे मिळत व त्याची कमाई रिंगवाल्यापेक्षा बरीच अधिक असे. शिवाय तो संपावर गेला तर त्याच्या जागी दुसरा विणकर उभा करणे मालकाला जड जाई. कामगार चळवळीत विणकरांचा शब्द वजनदार ठरे तो याच कारणाने. म्हणजे साचेखात्याबाहेर राहणे हा केवळ पगारातला तोटा नव्हता. वाटाघाटीच्या बळातलाही तो तोटा होता. अन्यायाची ही दुसरी बाजू आपल्याकडील लेखनात फारशी आलेली नाही.

आता धोट्याकडे वळू. विणकामात उभा ताणा ताणलेला असतो आणि आडवे सूत, म्हणजे बाणा, घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती काही मिनिटांत संपते. मग साचा थांबवून रिकामी कांडी काढावयाची, भरलेली घालावयाची आणि तिचे सुताचे टोक धोट्याच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर काढावयाचे. हे टोक आकडीनेही काढता येते. पण मापावर पैसे मिळत असल्याने क्षणाक्षणाला किंमत होती. छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढला की सूत चटकन बाहेर येई. दिवसातून कितीतरी वेळा हे करावे लागे आणि तोच धोटा पाळी बदलल्यावर किंवा बदली आल्यावर दुसऱ्याच्या ओठांना लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा आपण ओठांना लावणार नाही, अशी सवर्ण विणकरांची भूमिका होती.

या भूमिकेचे परीक्षण केले पाहिजे. मुंबईच्या साचेखात्यांत मराठा विणकरांबरोबर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुसलमान जुलाहे विणकरही मोठ्या संख्येने होते. रोटीबेटीच्या निर्बंधांनी एरवी दूर ठेवलेली ही माणसे एका छपराखाली त्याच यंत्रांवर काम करीत. उष्ट्याचा विचार तेथे आड आला नाही, आणि आला असला तरी त्याने कोणाची भाकरी हिरावली नाही. तो आड आला तो फक्त अस्पृश्यांच्या बाबतीत. दुसरे असे की, ओठांनी सूत ओढण्याची ही रीत मुंबईची नव्हे. ती साच्यांबरोबर लँकेशायरहून आली. तिकडेही तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या, पण त्या आरोग्याच्या होत्या. एकाच्या तोंडचा रोग दुसऱ्याला होतो, दात खराब होतात, तेल आणि धूळ पोटात जाते, असे डॉक्टर सांगत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच या रीतीला कायद्याने बंदी केली. लँकेशायरमध्ये ती १९५२ मध्ये झाली. तोंड न लावता सूत ओवता येईल असे धोटे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच निघाले होते. म्हणजे उपाय उपलब्ध होता. जेथे रोगाची भीती होती तेथे धोटा बदलला. आमच्याकडे धोटा तोच राहिला आणि माणसे दूर ठेवली गेली.

हा प्रकार आणखी विचित्र वाटतो तो दुसऱ्या एका कारणाने. विणकाम हे ज्यांना परके होते अशा लोकांना साच्यापासून दूर ठेवले, असे झाले नाही. विदर्भात व मध्यप्रांतात महार समाजातील कित्येक कुटुंबे हातमागावर जाडेभरडे कापड विणून उदरनिर्वाह करीत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात याची नोंद आहे. ते कापड सवर्ण विकत घेत व अंगाला लावीत. बाबासाहेबांचे घराणे कबीरपंथी होते, आणि कबीर विणकर होते. आणखी मागे गेलो तर नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा शिलालेख आपल्यासमोर येतो. भिक्षूंच्या चीवरांसाठी त्याने २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दरमहा दर शेकडा एक या व्याजाने वर्षाला २४० कार्षापण होत, आणि त्यांतून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ याप्रमाणे चीवराचे द्रव्य मिळावे अशी व्यवस्था होती. ज्यांच्या हाती राजाचा जावई संघाचा पैसा निःशंकपणे सोपवितो, ते विणकर त्या काळी किती प्रतिष्ठित असतील याचा अंदाज यावरून करता येतो. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील विणकराच्या मुलीची कथा आहे. बापाने धोट्यासाठी सूत भरून आणावयास सांगितलेले असते. ते भरता भरता तिला उशीर होतो, आणि ती टोपली घेऊन येईपर्यंत तथागत सभेपुढे मौन धरून बसतात. सूत भरणाऱ्या मुलीसाठी शास्ता थांबला, ही गोष्ट आपल्या उपासिकांनी अवश्य वाचावी. तिचा शेवट मात्र दुःखद आहे.

आता १९२८ कडे येऊ. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे सहा महिने मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. संपाची सूत्रे ना. म. जोशी यांच्यासारखे मवाळ नेते आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट नेते यांच्या संयुक्त समितीकडे होती. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत, विशेषतः साचेखात्यात, काम करण्याचा समान हक्क असावा ही मागणी संपाच्या मागण्यांत घालावी, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. अन्यथा अस्पृश्य कामगारांना संपापासून दूर राहावयास सांगू, असा इशारा दिला. नेत्यांनी ती मागणी घेतली, पण मोठ्या नाखुशीने. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. वर सांगितलेली रीत लक्षात घेतली की या उत्तराचा अर्थ उलगडतो. भरती जॉबरच्या हाती, शिक्षण नातलगांच्या हाती, विटाळ विणकरांच्या मनात, मालक नामानिराळा. आणि चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीपुढे मजुरीचे दर, साच्यांची संख्या, कामाचे तास यांचा काथ्याकूट झाला, तरी साच्याशेजारी उभे राहण्याचा हक्क हा दराच्या तक्त्यात बसणारा विषय नव्हता.

कामगार नेत्यांच्या नाखुशीविषयी आपल्याकडे कडवट लिहिले गेले आहे आणि ते अकारण नाही. त्यांची अडचण आम्ही समजू शकतो; विणकर हाच त्यांच्या संघटनेचा कणा होता आणि त्याला दुखावणे त्यांना परवडणारे नव्हते. परंतु ज्या एकजुटीचे मोल अस्पृश्य कामगाराने सहा महिन्यांच्या उपासमारीने चुकविले, त्या एकजुटीत त्याला साचा शिकविण्याचे वचन नव्हते. १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला तो या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

त्याच १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. या दोन गोष्टी चरित्रांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. आम्हांस त्या एकच वाटतात. महारवतन म्हणजे काय? गावचे सांगकाम करावयाचे, सांगावे धाडावयाचे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यामागे धावावयाचे, मेलेले जनावर ओढावयाचे, आणि यांतले काहीही असे नाही की जे वीस वर्षे केल्याने माणूस कसबी होईल. सुताराच्या मुलाला किंवा लोहाराच्या मुलाला बलुत्याबरोबर हत्यारही वारशाने मिळे. महाराला वारशाने राबणे मिळाले. गावात कसब नाही म्हणून शहरात यावे, आणि शहरात कसबाच्या दाराशी पुन्हा जात उभी असावी. वतनाच्या बेडीतून मोकळा झालेला हात साच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, असा त्या वर्षातील त्यांच्या कार्याचा रोख दिसतो. तेव्हा ते परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते. गिरणीचा भोंगा त्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता.

नात्यागोत्याबाहेर कसब शिकण्याची सोय मुंबईत अगदी नव्हती असे नाही. गिरगावातील छापखान्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी यांनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामापासून सुरुवात केली, तेथे खिळे ओतण्याची कला आत्मसात केली, आणि पुढे १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना व १८६९ मध्ये छापखाना काढला. मूठ उघडी असली म्हणजे काय होऊ शकते याचे हे उदाहरण. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झाली व १९२३ मध्ये माटुंग्याला आली. कापडधंद्याचे शास्त्रीय शिक्षण तेथे मिळे. परंतु तेथील प्रवेशाला आधीचे शालेय शिक्षण लागे, आणि ज्याला गावच्या शाळेत पायरीवर बसविले गेले त्याला माटुंग्याचे दार दूरच होते. बाबासाहेबांचा स्वतःचा भारत भूषण छापखाना पुढे दादरला होता, आणि वृत्तपत्र काढावयाचे तर खिळे जुळविणारे हातही लागतात याची त्यांना चांगली जाण होती.

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, हा तेथील भाषणातील विचार सर्वांना ठाऊक आहे. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील कामांचा जो तपशील दिला त्याकडे मात्र कमी लक्ष जाते. अस्पृश्य माणूस रेल्वेत आयुष्यभर गँगमन राहतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. आणि कारखान्यांत तो मेकॅनिक क्वचितच होतो, फोरमन किंवा चार्जमन तर नाहीच. गिरण्यांच्या साचेखात्याचा दाखलाही त्यांनी तेथे दिला. म्हणजे लालबागच्या गिरणीत जे दिसते तेच परळच्या आणि माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात दिसते, हे त्यांनी दाखविले. तेथे धोटा नव्हता. लेथ यंत्राला कोणी ओठ लावीत नाही. तरीही कसबाची पायरी बंदच होती. विटाळाचे कारण हे कारण नसून निमित्त होते, याला याहून चांगला पुरावा कोणता?

१९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉयला जे निवेदन सादर केले, त्यात नोकऱ्या व शिष्यवृत्त्या यांच्याबरोबरच तांत्रिक शिक्षणाचा मुद्दा होता. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून अस्पृश्य मुलांना जागा मिळाव्यात, ही त्यातील मागणी आम्हांस फार महत्त्वाची वाटते. छापखाना आणि रेल्वे कारखाना ही निवड पाहावी. दोन्ही ठिकाणे सरकारच्या मालकीची. तेथे कोणाला शिकवावयाचे हे जॉबरने किंवा मामाने नव्हे, सरकारने ठरवावयाचे होते. आणि सरकारकडे हक्क मागता येतो. मामाकडे हक्क मागता येत नाही.

युद्धकाळात कारागिरांची निकड होती म्हणून मजूर खात्याने तांत्रिक प्रशिक्षणाची केंद्रे चालविली होती. शिकणाऱ्याला तेथे विद्यावेतन मिळे. निवडक कामगारांना बेव्हिन योजनेखाली प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले जाई. या योजना बाबासाहेबांच्या आधी सुरू झाल्या होत्या, पण त्यांच्या कारकिर्दीत त्या त्यांच्या खात्याकडे होत्या, आणि युद्ध संपता संपता पुनर्वसन व रोजगाराचे जे महासंचालनालय १९४५ मध्ये निघाले तेही मजूर खात्याचेच. आज गावोगाव दिसणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून निघाल्या, आणि त्या योजनेचे मूळ या युद्धकालीन केंद्रांत आहे. लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर अशी एक संस्था आहे. एकेकाळी गिरण्यांनी वेढलेल्या त्या रस्त्यावर, ज्या कसबासाठी मामा लागत असे त्याला प्रवेश अर्ज पुरेसा झाला, ही गोष्ट आम्ही क्रांतीहून कमी मानीत नाही.

साचेखात्याचे दार पुढे हळूहळू उघडले. महायुद्धात गिरण्या तीन पाळ्यांत चालल्या, कामगारांची संख्या दोन लाखांवर गेली. युद्धानंतर संविधानाने आणि १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने वातावरण पालटले. १९५६ च्या धम्मदीक्षेने आपल्या माणसाची मानच बदलली. पण दार पुरते उघडते न उघडते तोच घर पडले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि जो जोड साचा मिळविण्यासाठी एवढा झगडा झाला तो भंगारात गेला.

शिकाऊ उमेदवारीचा सध्याचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती व जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचे कलम आले. १९४२ च्या निवेदनातील मागणीला एकतीस वर्षांनी कायद्याचे रूप मिळाले असे म्हणावयास हरकत नाही. या कायद्याने शिकण्याचा हक्क दिला. शिकल्यावर कामाची हमी दिली नाही. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. २० मार्च २०१८ रोजी रेल्वेच्या कारखान्यांतून उमेदवारी पुरी केलेल्या शेकडो तरुणांनी माटुंगा आणि दादर यांच्यामध्ये रुळांवर बसून लोकल गाड्या रोखल्या, त्या याच कारणाने. रेल्वेच्या भरतीत त्यांना ठेवलेला वीस टक्क्यांचा वाटा त्यांना मान्य नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचा तो स्मृतिदिन होता, हा केवळ योगायोग.

येथे एका गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. साचेखात्यात बापाची किंवा मामाची जागा मुलाला मिळे, ती कायद्याने नव्हे, रिवाजाने. आज महाराष्ट्रात बापाची जागा मुलाला देण्याचा नियम शासनाने जेथे आग्रहाने जपला आहे असे एक क्षेत्र म्हणजे सफाई काम. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी घेतले जाते, आणि २०२३ मध्ये शासनाने याविषयीचे आदेश एकत्र करून पुन्हा काढले. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहतींत या वारसा नोकरीवर कित्येक कुटुंबांचे छप्पर टिकून आहे. नोकरी गेली तर खोलीही जाते. त्यामुळे ही तरतूद काढून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या घरांतील किती मुले परळच्या किंवा दादरच्या प्रशिक्षण संस्थेत गेली, कोणता धंदा शिकली, आणि शिकूनही बापाच्या झाडूकडे किती परतली, याची नोंद वसाहतीवसाहतींतून, घरोघर जाऊन करावी लागेल.